इंगळे डॉक्टरांची अदलाबदल

बेसबॉल हा खेळ मला आजही धड आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी खेळाच्या प्रेमापोटी लिहितोय असं कोणाला वाटायचं. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये 'रेडवे रूक्स' नावाची एक हौशी टीम आहे. आमच्या गावभर लाल डांबराचे, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीचे रस्ते आहेत, त्यांना रेडवे म्हणतात, त्यावरून हे नाव. मी या टीमचा स्कोअर लिहितो आणि ते काम माझ्या गळ्यात बांधलं डॉक्टर मधुकर इंगळ्यांनी.

मागच्या पानगळीत डॉक्टर गेले. परवा त्यांच्याशिवाय टीमची हिवाळ्यातली बैठक झाली. पुढच्या सीझनला कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, दुसऱ्या क्लबाकडून कोणाला मागायचं आणि बदल्यात कोणाला द्यायचं, हे ठरवणारी बैठक. कोणीतरी लॅपटॉप उघडला, कोणीतरी बिस्किटं फिरवली आणि चहा निवायच्या आत सगळं ठरून गेलं. डॉक्टरांच्या काळात हेच प्रकरण दिवाळीपासून होळीपर्यंत चालायचं. कोणी विरोध केला नाही, कोणी रुसलं नाही. घरी येताना मला गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसावं लागलं.

आमची ओळख झाली तेव्हा मी पुण्याहून वर्क व्हिसावर नुकताच आलो होतो. रविवारी हवा खायला बाहेर पडलो, तर मैदानावर बॅट घेतलेली माणसं दिसली. क्रिकेट समजून थांबलो. जवळ गेलो तर बॅट गोल. एक साठीचे गृहस्थ दोन्ही पायांवर उकिडवे बसून एका धिप्पाड गोऱ्या पोराला चेंडू कसा पकडायचा ते दाखवत होते. माझ्याकडे बघून ते तिथूनच मराठीत म्हणाले, "पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"केव्हाचे लांबून पाहून राहिले, विचारून काही नाही राहिले. पुण्याचेच!"

डॉक्टर अमरावतीचे. आपल्याकडे बेसबॉल कोणी खेळत नाही, पण त्याचं धाकटं भावंड सॉफ्टबॉल विदर्भात शाळाशाळांतून खेळतात, हे पुण्यात पस्तिशी गाठूनही मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर युनिव्हर्सिटीच्या टीमचे कॅचर. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. पुढे ते हाडांचे डॉक्टर झाले, इंग्लंडात आले, इथल्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि खुबे बदलण्यात आयुष्य गेलं. स्वतःचे गुडघे मात्र कॅचरगिरीत वाया घालवले होते आणि ते बदलून घ्यायला काही केल्या तयार नव्हते. म्हणायचे, "आचारी आपल्या हातचं जेवत नाही, साठे."

डॉक्टर टीमचे मॅनेजर होते. आमच्या लीगमध्ये पैशांचा संबंध नाही, पण सीझन सुरू व्हायच्या आत क्लब आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. एकदा एप्रिलात पहिली मॅच झाली की मग वर्षभर कोणी क्लब बदलायचा नाही. त्यामुळे सगळं राजकारण हिवाळ्यात. बाकीचे मॅनेजर दोन इमेल टाकून मोकळे व्हायचे. डॉक्टरांना हे म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याइतकं जोखमीचं वाटायचं. "ट्रेड म्हणजे सोयरीक," ते म्हणायचे. "दोन्ही घरांना वाटलं पायजे, का आपनच जिंकलो."

त्यांचं फोनवर बोलणं ऐकण्यासारखं असे. वेम्बलीकडच्या टीमचा मॅनेजर डेरेक म्हणून एक रिटायर्ड बसड्रायव्हर होता. त्याला फोन लावायचा, हवा, त्याची पाठदुखी, बायकोचा बगिचा, सगळ्यांची विचारपूस करायची, मग "ओके डेरेक, गॉड ब्लेस" म्हणायचं. आणि डेरेक फोन ठेवणार तेवढ्यात, "बाय द वे, तुझा तो डावखुरा पोरगा आहे ना..." आपल्याकडे पाहुणे निघाले, चपला घातल्या, की दारात उभं राहून खरं बोलणं सुरू होतं. इंगळ्यांचा सगळा व्यवहार या दारातल्या बोलण्यावर चालायचा. डेरेकला ते इतकं पाठ झालं, की दुसऱ्यांदा गॉड ब्लेस ऐकल्याशिवाय तो फोन ठेवत नसे.

आणि खेळाडूंची परीक्षा? ती स्वयंपाकघरात. हिवाळ्यात एकेकाला ते घरी जेवायला बोलवत. शालिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, पोहे नाहीतर थालीपीठ करायच्या. मधेच डॉक्टर सहज म्हणायचे, "जरा तो वरच्या फळीवरचा डबा काढून दे ना." वर्षभर वरच्या फळीवर एक पितळी डबा असे आणि त्यात काहीही नसे. तो बिचारा डबा काढायचा. कोणत्या हाताने काढला, खांदा कुठपर्यंत गेला, टाचा उचलताना चेहरा कसा झाला, हे डॉक्टर चहा ढवळता ढवळता बघून घ्यायचे. मग ठरायचं, हा लांब मागे सेंटरला राहणार, याला फेकण्याचं काम कमी, याला डेरेककडे द्यायचा.

"काढायचा नाही कोणाला, साठे. माणूस बदलायचा नसतो, त्याची जागा बदलायची असते."

स्टीव नावाचा एक प्लंबर होता, त्याचा घोटा कायमचा दुखावला होता. सगळी टीम म्हणाली, याला सोडा आता. डॉक्टरांनी दोन महिने डोकं खपवून त्याला अशा टीमकडे दिला, जिथे कॅचरची जागा रिकामी होती, म्हणजे त्याला पळणं कमी. बदल्यात आपल्याला काय मिळालं? एक विसराळू विद्यार्थी, जो अर्ध्या मॅचेसना येतच नसे. मी चिडलो. डॉक्टर म्हणाले, "अहो, स्टीव खेळून राहिला ना?" त्यांच्या लेखी तो ट्रेड जिंकला होता.

आता निखिलबद्दल सांगायला हवं.

निखिल डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा. जन्म इथलाच. लंडनमध्ये फायनान्समध्ये नोकरी, राहायला स्टॅनमोरला. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टीमचा कणाच म्हणा. दर रविवारी पहाटे उठून गाडी हाणत मिल्टन कीन्सला यायचा. मॅच झाली की आईच्या हातचं जेवून जायचा.

बाप-लेकांचं एकमेकांवर जीव टाकण्याइतकं प्रेम होतं, पण बोलणं शून्य. भांडण नव्हतं, नुसती सवय. जे काही असेल ते शालिनीकाकूंमार्फत. काकू मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून चिवड्याचा डबा घेऊन बसायच्या. डॉक्टर त्यांच्या शेजारी उभे, निखिल समोर बूट बांधतोय, आणि डॉक्टर काकूंना म्हणायचे, "त्याला सांग, कोपर खाली येऊन राहिलं." काकू म्हणायच्या, "निखिल, बाबा म्हणतात कोपर वर ठेव." निखिल बूट बांधता बांधताच, "आई, tell him I know." काकू वळून, "माहितीये म्हणतो." आम्ही हसायचो. तिघांत दोन हातांचं अंतर नसायचं. कित्येक मराठी घरांत हे असंच चालतं आणि चालतं तोवर त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. माझ्याही वडिलांशी मी आईच्या तोंडूनच बोललो.

काकू एका उन्हाळ्यात गेल्या. आजार काही महिन्यांचा. त्यानंतरही निखिल रविवारी येत राहिला, पण मॅच झाली की मैदानावरूनच परत. घरी कशाला जायचं? डॉक्टरांना स्वयंपाक येत नव्हता आणि कोण कोणाला "चल" म्हणणार, हा प्रश्नच होता. रविवारच्या मॅचेस तेवढा एक धागा उरला होता. त्या वर्षी डॉक्टर सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचे आणि पार्किंगकडे तोंड करून उभे राहायचे.

त्या दिवाळीला मात्र निखिल घरी आला. मी आणि माझी बायको फराळ घेऊन गेलो होतो. दुसऱ्या फेरीचा चहा मीच करत होतो. साखर संपली होती. निखिल म्हणाला, "वर असेल काका," आणि त्याने फळीवरचा तो पितळी डबा काढला. डाव्या हाताने. उजव्या हाताने चेंडू टाकणारा मुलगा, उजवा हात खाली लोंबता ठेवून, अंग वाकडं करून. डबा अर्थातच रिकामा. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते चहा ढवळत होते आणि चमचा थांबला होता.

पुढे महिनाभर ते मला रोज फोन करायचे. पिचरचा खांदा एकदा फाटायला लागला की टाकत राहण्यात शहाणपण नाही, अजून दोन सीझन टाकलं तर चाळिशीत याला शर्ट घालता येणार नाही, हे सगळं मला सांगायचे.

"मग त्याला सांगा ना," मी म्हणायचो.

"ऐकणार नाही. रूक्समध्ये राहिला तर टाकतच राहणार. आपल्याकडे दुसरा आहे कोण?"

मग त्यांनी तोडगा काढला, अगदी त्यांच्या पद्धतीचा. डेरेकला फर्स्ट बेसवर, म्हणजे चेंडू मारून बॅट्समन आधी जिथे पळतो त्या पहिल्या टप्प्यावर, माणूस हवा होता. फर्स्ट बेसवरच्या माणसाने चेंडू झेलायचा असतो, फेकायचं काम नावाला. वेम्बली स्टॅनमोरपासून जवळ, पहाटे उठणं नको, दोन तासांचं ड्रायव्हिंग नको. खांदा वाचेल, खेळही वाचेल. माणूस तोच, जागा बदलली. आपला सर्वांत चांगला पिचर देऊन डॉक्टरांनी बदल्यात काय घेतलं ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या गॉड ब्लेसनंतर सोयरीक पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात डबा खात होतो. निखिलचा फोन. तो एरवी मला कधी फोन करत नसे.

"काका, मला ट्रेड केला?"

मला तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं.

"Derek called me. On the platform. म्हणाला, welcome to the team, son. मी म्हटलं wrong number असेल." मग तो म्हणाला, "माझा स्वतःचा बाबा, काका. एक stranger ला सांगितला, आणि मला नाही सांगितला?"

मी संध्याकाळी तडक डॉक्टरांकडे गेलो. बरंच बोललो. पुणेरी माणूस बोलायला लागला की समोरच्याला काही शिल्लक ठेवत नाही. डॉक्टर ओट्याला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, कळेल त्याला."

"कळेल म्हणजे? कोण सांगणार होतं?"

 डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात कोनी कोनाला सांगतच नव्हतं, साठे. सगळं कळतच होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं या माणसाने काही ठरवलं, की ते आपोआप मुलापर्यंत पोहोचायचं, मऊ होऊन, कडेचे कोपरे घासून. तो ठरवायला बसला आणि निरोप नेणारी बाई या जगात नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, की पुढचं सगळं बोलणं मी गिळून टाकलं.

निखिल वेम्बलीकडून खेळायला लागला. फर्स्ट बेसवर. म्हणजे डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, औषध बरोबर होतं आणि मुलगा हातचा गेला होता. रविवारचा तो एक धागाही तुटला. फोन उचलणं बंद. डॉक्टरांनी एकदा स्टॅनमोरला जाऊन बेल वाजवली, आत दिवा होता, दार उघडलं नाही. हे त्यांनी मला हवामान सांगावं तसं सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी निखिलला परत मिळवायचा चंग बांधला आणि त्यांना येत होता तो एकच मार्ग धरला. आधी डेरेकला एक चांगला फील्डर देऊ केला. मग नवा पिचर. मग पिचर आणि कॅचर दोन्ही. टीममध्ये कुजबुज सुरू झाली, की म्हातारा पोरासाठी टीम विकायला निघालाय. मी समोर बसलो असताना डेरेक फोनवर म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाला, "Doc, you can offer me the whole team. I can't trade a man who doesn't want to go." डॉक्टर "ओके डेरेक, गॉड ब्लेस" म्हणाले. डेरेक सवयीने थांबून राहिला. या वेळी दारातलं बोलणं निघालंच नाही. 

त्यानंतरच्या हिवाळ्यात डेरेकच्या टीमचं मैदान गेलं आणि टीम मोडली. खेळाडूंची पांगापांग झाली. निखिल म्हणाला, मी खेळणंच सोडतो. डेरेकने त्याला विचारलं, रूक्सकडे का जात नाहीस, तुझे सगळे मित्र तिथे आहेत. निखिल म्हणाला, जाईन, पण बाबा मैदानावर नसतील तर. डेरेक भला माणूस. हे त्याने डॉक्टरांना स्वतःच फोन करून सांगितलं.

त्या वर्षीची बैठक डॉक्टरांच्या घरी झाली. सगळ्यांना चहा मिळाल्यावर ते उभे राहिले. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहायला वेळ लागायचा. इंग्रजीत म्हणाले, यंदा आपण एकच ट्रेड करतो आहोत. तिकडून एक फर्स्ट बेसवाला येतोय. आपल्याकडून एक मॅनेजर जातोय. कोणाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

लोक गेल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, हे काय करून बसलात? ही टीम तुमचं सगळं आहे."

"आधी ठरवायचं आपल्याला काय पायजे. मग काय द्यायचं ते मोजत बसायचं नाही." कप गोळा करत ते म्हणाले, "तो खेळून राहिला पायजे, बस."

"पण तुम्हाला तो दिसणारसुद्धा नाही."

 ते कप विसळायला लागले.

बाप-लेकांचं बोलणं त्यानंतरही झालं नाही. सप्टेंबरात डॉक्टर झोपेतच गेले. क्रेमॅटोरियमच्या बाहेर निखिल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "सीझन संपल्यावर जाणार होतो काका. I had the day in my head."  मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग लक्षात आलं की तो उजवा खांदा आहे, म्हणून काढून घेतला.

पण मला शेवटचे डॉक्टर दिसतात ते तिथले नाहीत. ते एप्रिलातल्या पहिल्या मॅचचे.

थंडगार, उजळ रविवार होता. निखिल परत आला होता. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. तो एकदा मैदानाच्या कडेला, काकू खुर्ची टाकायच्या तिथे, जाऊन उभा राहून आला. मॅच सुरू झाली. त्याची बॅटिंग आली. बेसबॉलमध्ये बॅट उशिरा फिरली की चेंडू उजव्या बाजूला भलतीकडे जातो. तसाच एक गेला, आणि फर्स्ट बेसच्या मागे मैदानाची हद्द आखणारी झुडपांची उंच हेज आहे, तिच्यावरून पलीकडच्या रेडवेवर पडला. आमच्याकडे चेंडू मोजकेच. स्कोअर लिहिणाराच अशा वेळी चेंडू आणायला पळतो. मी हेजच्या फटीतून पलीकडे गेलो.

रेडवेवर डॉक्टर उभे होते, काठी बगलेत धरून. हातात चेंडू. तिथून मैदान दिसत नाही. नुसतं ऐकू येतं.

"कोनी मारला?"

"निखिलने."

त्यांनी चेंडू दोन्ही तळव्यांत धरून चोळला. कॅचर लोक चोळतात तसा.

"हात वर जाते का त्याचा?"

"जातो डॉक्टर. चांगला जातो."

"उशीर करून राहिला बॅटला. त्याला सांगा..." एवढं म्हणून ते थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग मान हलवली. "नको. काही सांगू नका. मी इथं होतो हेही नको. सौदा म्हंजे सौदा." चेंडू माझ्या हातात दिला. "जा तुम्ही. लोकं वाट पाहून राहिले."

मी परत आलो, अंपायरला चेंडू दिला आणि माझ्या जागेवर न जाता फटीजवळच उभा राहिलो. पुढचा चेंडू निखिलने वेळेवर मारला. लाकडाचा तो कोरडा, भरीव आवाज आला आणि पोरं ओरडायला लागली. बॅट टाकून निखिल फर्स्ट बेसकडे सुटला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. हेजच्या पलीकडे डॉक्टर आवाज ऐकताच वळले आणि त्या मोडक्या गुडघ्यांनी, हातातली काठी उचलून धरून, त्याच दिशेने तीन-चार पावलं पळाले. खरोखर पळाले. तेवढ्यात मागून एक सायकलवाली आली आणि तिने घंटी वाजवली. डॉक्टर "सॉरी, सॉरी" म्हणत कडेच्या गवतात सरकले आणि तिला जाऊ दिलं.